अबोलांची पालथी मडकी

बोईसरच्या सागरदीप सोसायटीत केदार सावे हा हुशार मुलगा म्हणून ओळखला जाई. दहावीला असताना त्याचा फोटो एकदा पेपरात आला होता आणि त्यानंतर कुणी फेरतपासणी केली नव्हती. पुढे तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागला. तिथे तो दिवसभर पिवळी पावडर किती पिवळी आहे हे मोजायचा. मोजून झालं की रिपोर्टवर सही करायचा. साहेब तो रिपोर्ट आदराने बाजूला ठेवायचे आणि जो माल पाठवायचा तोच पाठवायचे. सत्य सिद्ध केल्याने कुणाचं काही अडत नाही, हे केदारला नोकरीने शिकवलं होतं. पण शिकलं म्हणजे राग जातो असं नाही.

तो राग जिरवायला त्याच्याकडे ‘सातवा कोट’ होता.

ज्यांनी ही कादंबरीमाला वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. (केदार हे कधीच थोडक्यात सांगू शकला नाही.) सात खंडांची ही गाथा, त्यातले सहा आलेले, सातव्याची वाट बघण्यात वाचकांचे केस पांढरे होत चाललेले. समुद्राकाठचं एक राज्य, त्यात कोटामागे कोट, आणि त्या राज्यात ‘अबोल’ नावाचा मारेकऱ्यांचा पंथ. हे अबोल कुठून येतात, कुठे जातात, कुणाचं मीठ खातात, कुणालाच ठाऊक नाही. रात्री सरदार धडधाकट झोपतो आणि सकाळी उंबऱ्यावर एक मडकं पालथं घातलेलं असतं. मडकं दिसलं की घरात रडारड सुरू. त्या मडक्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

सहा खंडांत अबोलांपैकी एकाचंही तोंड दिसत नाही. म्हणूनच वाचकांच्या तोंडाला खळ नव्हता. कुणी म्हणे, त्या एका मेलेल्या राणीच्या मुली आहेत. कुणी म्हणे, जीभ कापलेले मिठागरातले मजूर आहेत. कुणी म्हणे, सातवा कोट म्हणजे अबोलांचंच मुख्यालय. नागपूरच्या एका गृहस्थांनी तर अबोलांची वंशावळ, दीक्षाविधी आणि निवृत्तीचं वयसुद्धा ठरवून टाकलं होतं.

केदारचा सिद्धांत एका वाक्याचा होता. अबोल नाहीतच.

पुरावा काजळीचा होता. लेखिका प्रत्येक खुनाच्या वेळी मडक्याबद्दल जाता जाता काहीतरी लिहायची. दर्यासारंगाच्या उंबऱ्यावरच्या मडक्याला सुक्या मासळीचा वास. कारभाऱ्याच्या घरचं तुपाने ओशट. गरीब किल्लेदाराचं बुडाशी काजळलेलं. वाचक वास घेऊन पुढे गेले. केदार थांबला. कुठल्याशा डोंगरातून मारेकरी येतो, आणि येताना नेमकं ह्याच घराच्या चुलीवर काजळलेलं मडकं घेऊन येतो? म्हणजे मडकं घरचं. म्हणजे पालथं घालणारा हातही घरचा. भाऊ मारतो, पुतण्या मारतो, कधी बायको मारते, आणि सकाळी सगळे मिळून ओरडतात, “अबोल आले!” एकमेकांना तोंडावर विचारायला लागू नये म्हणून सगळ्या राज्याने मिळून पाळलेली अफवा म्हणजे अबोल.

हा सिद्धांत त्याने पहिल्यांदा स्वातीला सांगितला. स्वाती मासवणची, त्याच्याच प्रयोगशाळेत, आणि त्याच्या माहितीत ‘सातवा कोट’ वाचणारी बोईसरमधली दुसरी आणि शेवटची व्यक्ती. तिने डबा खाता खाता सगळं ऐकलं.

“म्हणजे सगळे घरचेच?”

“सगळे.”

“मग यात नवीन काय हाय? आमच्याकडं कुणाच्या शेताचा बांध सरकला तर लोकं पयलं भावालाच विचारतात.”

केदारला हे आवडलं नाही. शोधाला पहिली प्रतिक्रिया अशी येऊ नये. तरी त्याने तो इंटरनेटवर टाकला नाही, कारण मागे त्याने नुसती काजळीची गोष्ट टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी ती नागपूरच्या गृहस्थांच्या नावावर फिरत होती. आता त्याला पक्कं काम हवं होतं. सातवा खंड पाडव्याला येणार अशी जाहिरात झाली होती. त्याआधी, स्वतःच्या चेहऱ्यानिशी, साक्षीदारांसमोर, कॅमेऱ्यात त्याला म्हणायचं होतं की अबोल नाहीत, आणि हे बोईसरच्या केदार सावेने ओळखलं. बस, एवढंच. आयुष्यात एकदा तरी रिपोर्ट बाजूला ठेवला जाऊ नये.

कॅमेरा भाग्येशकडे होता. भाग्येश ‘कोटावरून’ नावाचं चॅनेल चालवी आणि तो ज्या सिद्धांताला मान डोलवी तो सिद्धांत महाराष्ट्रभर खरा धरला जाई. योगायोगाने तो एका रविवारी केळव्याला समुद्रावर येणार होता. केदारने धीर करून फोन लावला.

“येतो ना भावा,” भाग्येश म्हणाला. “बोईसर काय, वाटेवरच आहे. पण क्राउड पाहिजे हां. एकट्या माणसाचा सिद्धांत स्क्रीनवर वेड्यासारखा दिसतो. तीसेक वाचक बसलेले असले की तोच सिद्धांत चळवळ वाटतो.”

तीसेक वाचक. बोईसरमध्ये दोन होते, आणि त्यातली एक सिद्धांताला बांधाची उपमा देत होती.

“वाचक कशाला?” स्वाती म्हणाली. “माणसं पायजेत ना? जेवायला घाल. थंडीचे दिवस हायेत, उकडहंडी लाव. उकडहंडीला लोकं भाषणं पण ऐकून घेतात.”

उकडहंडी म्हणजे वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, ओवा, मीठ, हिरवा मसाला असं सगळं मडक्यात ठासून भरायचं, पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती आग करायची. इथपर्यंत विचार आला आणि केदार ताडकन उठून बसला. पालथं मडकं! योगायोगाला शास्त्रात किंमत नसते हे त्याला चांगलं माहीत होतं, पण इतक्या सुंदर योगायोगापुढे कुणाचं शास्त्र टिकतं?

आता जागा. सोसायटीच्या मागच्या अंगणात. त्याला परवानगी द्यायची होती अध्यक्षांनी, म्हणजे विश्रामकाकांनी. हे केदारच्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यापासून घरातले मोठे निर्णय तेच घेत, आणि लहानही. जवळच्या पाम गावातली वाडी मुलांवर सोपवून ते बोईसरला राहायला आले होते, आणि नारळी-केळीवर हुकूम चालवायची सवय सोसायटीच्या कामी आणत होते.

“कसला कार्यक्रम?” काकांनी चष्मा लावला.

“पुस्तकावर चर्चा.”

“धार्मिक?”

“नाही.”

“राजकीय?”

“नाही हो काका.”

“मग परवानगी कशाखाली देऊ? आपल्या नियमावलीत दोनच प्रकार हायेत.”

बराच खल होऊन कार्यक्रम ‘कौटुंबिक’ ठरला. कौटुंबिक म्हटल्याबरोबर त्यात कुटुंब शिरलं. काका म्हणाले, पाहुणा बाहेरचा आहे तर शाल-श्रीफळ हवं. शाल आली म्हणजे सूत्रसंचालन आलं, ते काकाच करणार. खालच्या मजल्यावरच्या सुगंधाकाकूंची कपड्यांची दोरी मागच्या अंगणात होती, म्हणून त्यांचीही संमती लागली. ती त्यांनी हंडीत वांगी किती घालायची हे आपण ठरवणार, या अटीवर दिली. माई, म्हणजे केदारची आई, म्हणाली, “आता करतोच हायेस तर केळव्याच्या स्थळाकडं पण सांगू या. पोरगा कार्यक्रम करतो, हे दिसू दे त्यांना.” केळव्याची माणसं पुढच्याच आठवड्यात केदारला बघायला येणार होती. वडिलांच्या मागे माईने ह्या एका गोष्टीसाठी किती उंबरे झिजवले होते ते केदारला माहीत होतं, म्हणून त्याने होकार दिला. सिद्धांताला किती वेळ ठेवलाय असं केदारने विचारल्यावर काका म्हणाले, “आभारप्रदर्शनाच्या आधी बोल दोन शब्द.”

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे अपमान होत होता, पण नेहमीच्या मापाने होत होता. घोटाळा केला तो केदारच्या कल्पकतेने.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकणं त्याला मिळमिळीत वाटलं. त्याऐवजी त्याने मनोरच्या बाजारातून गोणीभर छोटी मडकी आणली आणि आठवडाभर पलंगाखाली ठेवली. प्रत्येकात आतल्या बाजूने एक छापील चिठ्ठी डकवली. शनिवारी पहिल्या पाळीला जाताना, उजाडता उजाडता, त्याने सागरदीपच्या प्रत्येक उंबऱ्यावर एकेक मडकं पालथं घातलं. माणूस दार उघडील, चकित होईल, मडकं उचलील, आत निमंत्रण! पुस्तकातलं वातावरणही येईल आणि माणसंही येतील. आठवणीने एक त्याने स्वतःच्या दारातही ठेवलं. मग एमआयडीसीच्या बाजूने नेहमीचा तिखट वास येत होता म्हणून नाकावर बांधलेला रुमाल आणखी वर ओढून, कारखान्याची टोपी घालून तो समाधानाने कामावर गेला.

ज्या माणसाने सहाही खंड इतक्या बारकाईने वाचले होते की त्याला काजळी दिसली, त्याला त्याच सहा खंडांत ठायीठायी लिहिलेली साधी गोष्ट लक्षात राहिली नाही. पालथ्या मडक्याला कुणी हात लावत नाही.

शिवाय तो शास्त्राचा माणूस असल्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत नसे. त्या शनिवारी अमावस्या होती.

कारखान्यात चहाच्या वेळी स्वातीने मोबाईल त्याच्यापुढे धरला. जिन्यावरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत होती. हा कॅमेरा सायकली चोरीला गेल्या तेव्हा बंद होता, टाकीची मोटर गेली तेव्हा बंद होता. आज तो चालू होता. तोंड बांधलेला, टोपी घातलेला एक इसम दारोदार वाकत होता. खाली मजकूर: ‘शनी अमावस्येला बोईसरमध्ये टोळी! सावध राहा. पुढे पाठवा.’

“हा तूच ना?” स्वातीने विचारलं.

“कशावरून?”

“चाल. खाली मान घालून चालतोस आणि वाटेत थांबून विचार करतोस. दुसऱ्या मजल्यावर बघ, चोर असता तर असा उभा राहिला असता का?”

“आता काय करू?”

“काय म्हणजे? जा आणि सांग.”

केदार अर्धी सुट्टी टाकून निघाला. घरी पोचला तेव्हा सागरदीपमध्ये मडकी चालायला लागली होती. घरात घ्यायला भीती, फोडायला त्याहून भीती, आणि दारात ठेवून तर चालणारच नाही. तेव्हा लोकांनी मधला मार्ग काढला होता. सुगंधाकाकूंनी झाडूच्या दांड्याने आपलं मडकं हळूहळू ढकलत समोरच्या भाडेकरूच्या दाराशी नेलं होतं. समोर कारखान्यात काम करणारी गोरखपूरची चार माणसं राहत. त्यांच्यातल्या एकाने दार उघडलं.

“अरे चाची, ये क्या? हमारा तो सुबह ही हम ऊपर भेज दिए थे!”

“तुमचंच हाय रे बाबा ते, फिरून आलं असेल,” काकू म्हणाल्या आणि कडी लावून घेतली.

वरच्यांनी खाली, खालच्यांनी शेजारच्या इमारतीत, शेजारच्यांनी नाक्यावर. संध्याकाळपर्यंत पाममधून फोन आला की आमच्याकडेही एक सापडलं. केदार पामला गेलाच नव्हता. पण कुणीतरी दुचाकीवरून गेलंच होतं, आणि तो कुणीतरी ह्याच इमारतीतला होता.

खाली मीटिंग भरली होती. पोलीस ठाण्यातून एक हवालदार आले होते. सबंध इमारतीत मडकं उचलणारा तेवढा एकच माणूस निघाला. त्यांनी ते उलटं करून आतली चिठ्ठी मोठ्याने वाचली.

“‘तुमच्या दारी अबोल येऊन गेले. त्यांचं सत्य जाणून घ्यायचं असेल तर उद्या सायंकाळी मागच्या अंगणात या. उकडहंडी आहे.’”

“धमकी,” विश्रामकाका म्हणाले.

“पण यात उकडहंडी आहे असं लिहिलंय,” हवालदार म्हणाले.

“आमिष,” काका म्हणाले.

“आपलाच कार्यक्रम त्यांनी बरोबर हेरला!” सुगंधाकाकू म्हणाल्या. “वांगी मीच निवडलेली हायेत, आता ती खायची का नाय?”

केदारने घसा साफ केला. “काका, हवालदारसाहेब, ही मडकी—”

“तू बोल!” काकांनी त्याला पुढे ओढलं. “हा आमचा केदार. शास्त्र शिकलेला हाय. साहेब, कायदा हाय ना जादूटोण्याविरुद्ध? चौकशी समितीत याला घेतलं. मातीबिती तपासू दे.”

चौकशी समितीचा सदस्य म्हणून केदारची नेमणूक टाळ्या वाजवून झाली. टाळ्या न वाजवणारी एकच व्यक्ती होती. माई. आठवडाभर ती रोज सकाळी पलंगाखालून केर काढत होती, आणि केर काढताना गोणी सरकवत होती. ती केदारकडे बघतही नव्हती. पायाच्या अंगठ्याने फरशी चोळत होती.

हवालदारांनी ‘कुणाचा खोडसाळपणा दिसतो, परत झालं तर कळवा’ असं सांगून निरोप घेतला. घरात आल्यावर केदारने माई आणि काकांपुढे सगळं सांगितलं. पुस्तक, पंथ, काजळी, गोणी. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, उठून खिडकी लावली आणि बसले.

“कोणाकोणाला ठावं हाय?”

“स्वातीला. कारखान्यातली.”

“कुठली ती?”

“मासवणची.”

“मग हरकत नाय. मासवण लांब हाय.”

“काका, मी खाली जाऊन सांगतो ना. हसतील, एवढंच.”

“हसतील?” काका म्हणाले. “अवसेला, शनिवारी, सावेंच्या पोरानं दारोदार मडकी पालथी घातली. याला लोकं हसतील? आणि मी अध्यक्ष. माझ्याच घरातून. उद्या केळव्याची माणसं यायची.”

“पण टोळी नाहीच आहे!”

“टोळी नसून कसं चालेल?” काकांनी हे अगदी शांतपणे विचारलं. “तू सांग. टोळी नसली तर मग कोण?”

माई एवढा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, “केदार, मी तुज्याकडं काय मागितलं कधी? हे एक ऐक. केळव्याची माणसं जाऊ देत, मग काय सांगायचं ते सांग सगळ्या गावाला.”

केदारचा सिद्धांत त्याच्या डोळ्यांपुढे, त्याच्याच सोफ्यावर बसून, खिडकी लावून सिद्ध होत होता. प्रयोग इतका स्वच्छ उतरलेला त्याने प्रयोगशाळेतही कधी पाहिला नव्हता. फक्त या खेपेला परीक्षानळीत तो स्वतः होता.

रविवारी संध्याकाळी मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टोळी येणार म्हणून सागरदीप आली होती, शेजारची इमारत आली होती, पामहून काकांची मुलं काठ्या घेऊन आली होती. भाग्येशला तीस माणसं हवी होती, दोनशे होती. त्यातली ‘सातवा कोट’ वाचलेली तीनच, तो स्वतः धरून. काकांनी कौटुंबिक कार्यक्रमाचं रूपांतर ‘भयमुक्ती मेळाव्यात’ केलं होतं. मध्ये मोठाल्या हंड्या पालथ्या घातलेल्या, भोवती पेंढा आणि गोवऱ्या धगधगत होत्या, आणि लोक त्या हंड्यांकडेसुद्धा जरा संशयानेच बघत होते.

दीपप्रज्वलन झालं. शाल झाली, श्रीफळ झालं. भाग्येशने शाल पांघरूनच कॅमेरा चालू केला.

“मित्रांनो, मी आत्ता आहे बोईसरमध्ये, आणि तुमचा विश्वास बसणार नाही! जे आपण सहा खंड वाचलं ते इथे घडतंय. खरेखुरे अबोल. खरीखुरी मडकी!”

त्याने सुगंधाकाकूंना विचारलं. काकूंनी रात्री जिन्यात पावलं ऐकली होती. गोरखपूरच्या माणसाने सावली पाहिली होती, “एकदम लंबा आदमी.” केदारची उंची बेताचीच होती. काकांच्या मोठ्या मुलाने पामच्या वाडीत तिघांचा पाठलाग केला होता. ही सगळी माणसं खोटारडी नव्हती. ती एरवी दुधाचे पैसेसुद्धा जास्त आले तर परत देणारी होती. प्रत्येकाने आपापल्या परीने एकेक काडी घातली होती, आणि कुणाच्याही काडीने आग लागली असं म्हणता आलं नसतं.

“आणि आता,” भाग्येशने कॅमेरा वळवला, “ज्यांनी मला इथे बोलावलं ते केदार सावे. सर, तुम्ही फोनवर म्हणाला होतात की अबोलांबद्दल तुमचा एक जबरदस्त सिद्धांत आहे. साऱ्या महाराष्ट्राला सांगा. अबोल आहेत, की नाहीत?”

हाच प्रश्न. हाच कॅमेरा, हे साक्षीदार, पाडव्याच्या आधीची ही तारीख. केदारने वर्षभर आंघोळ करताना, पिवळी पावडर मोजताना ज्याची तालीम केली होती तो क्षण शाल पांघरून त्याच्यापुढे उभा होता. एकच शब्द बोलायचा होता. नाहीत. आणि मग पुढचा प्रश्न अख्ख्या अंगणाने विचारला असता: मग मडकी कुणी ठेवली?

त्याने स्वातीकडे पाहिलं. ती गर्दीच्या कडेला उभी राहून मान डोलावत होती. बोल. बोलून टाक.

त्याने माईकडे पाहिलं. माई हंडीपाशी होती. हातातला झारा तिने छातीशी धरला होता, धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानेच असावं. तिच्या शेजारी केळव्याहून मुद्दाम आलेल्या एक बाई उभ्या होत्या.

“आहेत,” केदार म्हणाला.

“आहेत?”

“आहेत. मी… मी त्यांची मडकी स्वतः पाहिली आहेत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी लगेच आभारप्रदर्शन सुरू केलं. हंड्या फोडल्या, ओव्याचा वास सगळ्या अंगणात पसरला, आणि सुगंधाकाकू दहा जणांना सांगून आल्या की वांगी त्यांनी निवडली होती. उकडहंडी, सगळ्यांच्या मते, गेल्या कित्येक वर्षांत इतकी चांगली झाली नव्हती. स्वाती न जेवता गेली.

पाडव्याला सातवा खंड आला. केदारने तो एका बैठकीत वाचला. शेवटच्या प्रकरणात म्हातारी राजमाता सातव्या कोटाचं दार उघडते. आत कुणी नसतं. धूळ असते. अबोल कधी नव्हतेच. ती प्रत्येक मडक्याचा वास सांगते, आणि तो कुठल्या चुलीचा ते सांगते. काजळीसुद्धा होती. केदार ओळ न ओळ बरोबर ठरला होता.

इंटरनेटवर जल्लोष चालला होता. नागपूरच्या गृहस्थांनी जाहीर केलं की काजळीचा मुद्दा मूळ त्यांचाच. भाग्येशने नवीन चित्रफीत टाकली: ‘बोईसरमध्येच मला सत्य कळलं होतं!’ त्यात तो सांगत होता की भीती कशी पसरते हे त्याने प्रत्यक्ष पाहिलं, आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं की अबोल नसणारच. उदाहरण म्हणून त्याने एक तुकडा दोनदा दाखवला, दुसऱ्यांदा हळू करून. “मी त्यांची मडकी स्वतः पाहिली आहेत.” खाली लोकांनी हसून हसून रडणारे चेहरे टाकले होते. एकाने लिहिलं होतं, ‘शिकलेले लोकच जास्त अंधश्रद्ध.’

केळव्याच्या मुलीनेही ती चित्रफीत पाहिली. तिच्याकडून निरोप आला: मुलगा चांगला आहे, पण शास्त्र शिकून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो, त्याच्याबरोबर जमणार नाही. माई दोन दिवस धड जेवली नाही. काका म्हणाले, “आजकालच्या पोरींना श्रद्धाच उरली नाय.”

“तू तरी लिही तिथे,” केदार स्वातीला म्हणाला. “तुला मी आधी सांगितलं होतं ना?”

“लिवलं,” ती मोजमापाच्या काट्यावरून नजर न काढता म्हणाली.

“मग?”

“मग काय? लोकांनी इचारलं, पुरावा काय. म्हटलं, त्यानं मला सांगितलं होतं, डबा खाताना. त्यांनी तुझाच व्हिडिओ पाठवला मला.” काटा शून्यावर आणून ती म्हणाली, “लिंबाचं लोणचं हाय, घेणार?”

तो नको म्हणाला.

वैशाखातल्या अमावस्येला तो पहिल्या पाळीला निघाला. दार उघडलं तर उंबऱ्यावर मडकं पालथं घातलेलं होतं. समोरच्या दारातही. जिना उतरून बघितलं तर प्रत्येक उंबऱ्यावर एकेक. तो परत वर आला.

“माई, हे कुणी ठेवलं?”

“मी.” माई आतून म्हणाली. “अवस हाय ना आज. काकांनी ठरवून दिलंय, दर अवसेला आपलं आपणच ठेवायचं, मग ते बाहेरचे येत नायत. पाममधे पण ठेवतात आता.”

“अगं पण तुला माहीत आहे ना? तुला तरी?”

“मला ठावं हाय म्हणून तर ठेवलं.” ती बाहेर येऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सगळ्यांच्या दारात हाय. आपल्याच दारात नसलं, तर संशय कुणावर येईल?”

ती आत गेली. केदार वाकला आणि त्याने मडकं उचललं. उकडहंडीतलं न फुटता उरलेलं एक होतं. बाहेरून काजळलेलं, आतून अजून ओव्याचा वास येत होता. मडकं घरचं.

तेवढ्यात सुगंधाकाकू वर आल्या आणि जिन्यातच थबकल्या. “काय रे केदार? हात लावलास त्याला?”

“नाही काकू,” केदार म्हणाला. त्याने ते होतं तसं पालथं घातलं, उंबऱ्याच्या बरोबर मध्ये. “जरा सरकलं होतं.”

काकू अजून बघत होत्या, म्हणून त्याने हात जोडले.